आपल्या पेठेची बातमी तुमच्यापर्यंत कोण पोहोचवतं? (अनुभव धागा)

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात 39 आणि 43 हे आकडे पोराबाळांनाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका. पण 41 फूट म्हटल्यावर आमच्या शुक्रवार पेठेतला माणूस कपाटातली कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवायला लागतो, आणि उंचावरच्या राजारामपुरीत त्याच आकड्यावर कुणी जागचं हलत नाही. जिल्ह्याची बातमी सगळ्यांना मिळते, गल्लीची मिळवावी लागते. पाणी कोणत्या कोपऱ्यापर्यंत आलंय, नळाच्या पाण्याची चावी किती वाजता सुटणार, घरफाळ्याच्या सवलतीची मुदत कधी संपतेय, हे पेपरात येतंच असं नाही. आलं तरी दुसऱ्या दिवशी. त्यात नोव्हेंबर 2020 ला नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, आणि पुढं कित्येक वर्षं दारात जाऊन विचारावं असा हक्काचा माणूसही राहिला नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या भागात बातमी कोण देतं, कशी देतं, आणि तिचा उपयोग काय झाला, ते लिहा. भागाचं नाव जरूर लिहा, माणसांची नावं नकोत.

सुरुवात मीच करतो. आमच्या तालमीसमोर फळा आहे. एरवी त्यावर वाढदिवस, निधनवार्ता, कुस्तीचं मैदान. पाऊस लागला की तो पुसून आम्ही पुराला देतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, त्या दिवसांत मोबाइलवर इतकं काही फिरत होतं की खरं काय ते कळेना. धरण फुटलं म्हणून बायका रडत बाहेर आल्या होत्या. तेव्हापासून फळ्याचा नियम एकच: स्वतः जाऊन बघितल्याशिवाय लिहायचं नाही, आणि किती वाजता बघितलं ते लिहिल्याशिवाय खडू खाली ठेवायचा नाही. ‘सकाळी 7. गायकवाड वाड्यापाशी पाणी. जामदार क्लबकडून गाड्या आणू नका.’ एवढंच. आकाशवाणीसारखं लांबलचक नको. फोटो टाकायचा तर त्यात फळ्यावरची वेळ दिसली पाहिजे, कारण दोन वर्षांमागचा फोटो आजचा म्हणून फिरतो आणि माणसं विनाकारण घर सोडतात.

सुतारवाडा, दसरा चौकाजवळून

आमच्याकडं नदी सरळ येत नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकेनासं होतं आणि नाला उलटा आमच्या अंगणात चढतो. बाकी शहराला पूर येतोय हे कळायच्या आधी आम्ही भांडी बांधायला घेतलेली असतात. बातमीचं म्हणाल तर ती आमच्यातल्या म्हाताऱ्या देतात. नाल्याकडच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत. कोणत्या खुणेला पाणी टेकलं की किती वेळ हातात आहे, हे त्यांना बंधाऱ्याच्या आकड्यापेक्षा नीट कळतं. चित्रदुर्ग मठात हलायचं ठरतं तेसुद्धा त्यांच्या शब्दावर.

माझी मागणी एवढीच, की स्थलांतराची सूचना भोंगा लावलेल्या रिक्षातून देताना कुणाकुणाला, किती वाजेपर्यंत आणि कुठं जायचं हे तीनही सांगा. ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ ऐकून घरात पडून असलेल्या आजारी माणसाला उचलायचं की नाही, हे ठरवता येत नाही.

शाहूपुरी, कुंभार गल्ली

आमचा हंगाम आणि पूर एकाच वेळी येतो. जुलै-ऑगस्टमध्ये घरात, मांडवात, शेजाऱ्याच्या जिन्यात सगळीकडं गणपती. मातीची मूर्ती ओली झाली की संपलंच, प्लास्टरची वाचली तरी रंग जातो. मोठी मूर्ती हलवायला चार माणसं, टेम्पो आणि ठेवायला कोरडी जागा लागते. तासाभरात होणारं काम नव्हे ते. 2021 ला जुलैतच पाणी आलं, पुन्हा 55 च्या वर. आम्हाला पाणी दारात आल्याची बातमी नको असते, आदल्या संध्याकाळची हवी असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात. एक उघडला की 1428 क्युसेक सुटतात, आणि ते पाणी इथं यायला काही तास जातात. ते तास म्हणजे आमची वर्षाची कमाई. दरवाजा किती वाजता उघडला एवढं जरी कुणी रात्री फोन करून सांगितलं, तरी आम्ही मूर्ती हलवायला घेतो.

प्रयाग चिखलीचा, आता फुलेवाडीत

वरच्या दादांना सांगतो, नुसत्या राधानगरीवर डोळा ठेवू नका. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती आमच्या गावापाशी एक होतात, मग तिला पंचगंगा म्हणायचं. गगनबावड्यात रात्रभर कोसळला की कुंभी चढते, तेव्हा राधानगरीचा एकही दरवाजा उघडलेला नसतो. माझे चुलते अजून गावात आहेत. पावसाळ्यात मी त्यांना सकाळी फोन करून विचारतो, “काका, पाणी कुठवर?” ते म्हणतात, “मळीत शिरलंय,” नाहीतर “जनावरं सोनतळीला न्यायला काढलीत.” जनावरं निघाली म्हणजे शहरानं तयारीला लागावं, असं मी समजतो. चिखली-आंबेवाडीच्या माणसाचा फोन नंबर प्रत्येक पेठेत एकाकडं तरी असावा. केर्लीजवळ रत्नागिरी रोडवर आणि मांडुकलीत गगनबावडा रोडवर पाणी आलं, तर तेही त्याच्याकडून लवकर कळतं.

मंगळवार पेठ

पुराचं सगळे लिहितायत, मी नळाच्या पाण्याचं लिहिते. पूर आला की शिंगणापूर-बालिंग्याचे उपसा पंप पाण्याखाली जातात आणि शहराचे नळ बंद. बाहेर पाणीच पाणी, आणि बायका टँकरच्या रांगेत. नोव्हेंबर 2023 मध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं, तेव्हा आमच्या गल्लीत साखर वाटली होती. आनंद खरा होता आणि अजूनही आहे. तरी एवढ्या लांबच्या लाईनीवर दुरुस्ती निघणारच, आणि निघाली की ‘शहराच्या काही भागात’ पाणी येणार नाही असं जाहीर होतं. त्या काही भागात आम्ही आहोत का?

आमच्याकडं ते चावीवाल्या दादांना विचारतात. त्यांनी सांगितलं की मी जिन्यातल्या पाटीवर लिहिते. शेजारच्या काकूंना बारीक अक्षर दिसत नाही, त्या दारातूनच हाक मारतात, “मी काय वाचतो व्हय, तूच सांग!” म्हणून त्यांच्या मजल्यावर मी तोंडी सांगून येते. मोबाइल नसलेलं, नीट न दिसणारं माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतं. त्यांना सांगायची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी ठरवून ठेवा.

राजारामपुरी

ड्रेनेज चोकअपची तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळतो. तो क्रमांक मी गल्लीच्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे तीच तक्रार दहा जण दहादा करत नाहीत, आणि पाठपुरावा कुणीही करू शकतं. काम झालं की तेही लिहितो. झालेलं काम कुणी कळवत नाही, ते कळवलं पाहिजे.

भाऊसिंगजी रोड

ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर सुरू झालं. कोल्हापूरकरांनी कित्येक वर्षं त्यासाठी लढा दिला, आम्हीही मोर्च्यात होतो. आता गर्दी वाढली, पार्किंग बदललं, वळवलेली वाहतूक कधी कुठून जाईल ते आम्हा दुकानदारांना सकाळी शटर उघडल्यावर कळतं. सीपीआरला रुग्ण घेऊन येणारी खेड्यापाड्यातली माणसं आम्हालाच विचारतात. म्हणून चार दुकानांनी मिळून दारात कागद लावलाय: आज कोणत्या बाजूनं आत जायचं. बदललं की कागद बदलतो.

शुक्रवार पेठ (धागा काढणारा)

सगळ्यांचे आभार. चिखलीच्या भाऊंनी काकांना विचारून होकार कळवलाय. रोज सकाळी त्यांचा निरोप फळ्यावर पहिल्या ओळीत लिहू, वेळेसकट. कुंभार गल्लीसाठी रात्रीचा फोन आमच्या तालमीतली दोन पोरं करणार आहेत. तिकडून कुणाला करायचा ते आजच कळवा. सुतारवाड्यातल्या खुणांवर पुराचं साल रंगवायचं असेल तर रंग आणि ब्रश आम्ही घेऊन येतो, फक्त आजींनी उभं राहून कोणती खूण कोणत्या पुराची ते सांगावं. उत्तरेश्वर, दुधाळी, रमणमळा, बावडा इथून अजून कुणी लिहिलेलं नाही. तुमच्याकडचं काय?