१९ वर्षांची नोकरी सोडून जळगावात इंटिरिअर डिझाईनची फर्म काढायची आहे: फी मागावी कशी?

तापीकाठची:

मी मूळची यावल तालुक्यातील असून गेली १९ वर्षे पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात नोकरी करत आहे. सध्या वय ४४ आहे. तीन वर्षांपूर्वी शनिवार-रविवारच्या वर्गांना जाऊन इंटिरिअर डिझाईनची पदविका घेतली आणि त्यानंतर सुट्ट्या काढून दोन कामे पूर्ण केली. एक भुसावळला भावाचे घर आणि दुसरा जळगावातील मामेबहिणीचा फ्लॅट. दोन्ही कामे नात्यातील असल्यामुळे फीचा प्रश्न आला नाही; खरे सांगायचे तर तो मीच येऊ दिला नाही. आईवडील आता थकले आहेत, त्यामुळे मुलीची बारावी झाली की राजीनामा देऊन जळगावात स्वतःची फर्म काढावी, असे आम्हा उभयतांचे जवळजवळ ठरले आहे. भविष्य निर्वाह निधीला हात न लावता दीड वर्षाचा घरखर्च बाजूला काढून ठेवला आहे.

पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. जळगावात ज्यांच्याशी बोलले, त्यांतील बहुतेकांचे म्हणणे असे की, प्लायवुडचा दुकानदार थ्रीडी चित्र फुकट काढून देतो आणि मिस्त्री मोबाईलवरचा फोटो पाहून तसेच कपाट करून देतो, मग नुसत्या नकाशाचे पैसे कोण देणार? अशा ठिकाणी केवळ डिझाईनची फी घेऊन निभाव लागेल, की माल आणि मजुरीसह संपूर्ण काम अंगावर घेणे भाग पडेल? या व्यवसायाला परवाना लागतो का? आणि इतकी वर्षे केलेल्या खरेदीच्या नोकरीचा येथे काही उपयोग होतो का, की ती पाटी पुसूनच सुरुवात करावी लागते?

भुसावळकर:

ताई, मी अकरा वर्षांपूर्वी अभियंत्याची नोकरी सोडून याच भागात हा व्यवसाय सुरू केला, त्यामुळे जे भोगले तेवढेच लिहितो.

परवान्याचे आधी संपवू. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वास्तुविशारद परिषदेत नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. इंटिरिअर डिझायनरसाठी तसा कायदा नाही. मात्र भिंत पाडायची, बीमला छिद्र पाडायचे किंवा बाल्कनी खोलीत घ्यायची म्हटले, तर स्ट्रक्चरल अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावू नका. ग्राहक कितीही घाई करो.

आता फी. पहिल्या दोन वर्षांत मी नकाशे फुकट दिले आणि कमाई कामाच्या नफ्यातून करू असे ठरवले. परिणाम असा झाला की सहा घरांचे नकाशे माझ्याकडून घेऊन लोकांनी काम दुसऱ्याकडे दिले, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नव्हता, कारण जी वस्तू मी स्वतःच फुकट ठरवली होती तिची किंमत त्यांनी का मानावी? आता पहिल्या भेटीनंतर मी मोजमाप घेतो, दोन पानांचे पत्र देतो आणि ठरलेल्या फीपैकी चौथा हिस्सा हाती आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. निम्मे लोक तेथूनच परत जातात. उरलेल्यांवर माझे घर चालते.

पण ती फी चित्राची नसते, हे मला एका चुकीने शिकवले. जळगावातील एका घरात पश्चिमेच्या खिडकीखाली मी एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) सुंदर अभ्यासाचे टेबल बसवले. काम डिसेंबरात संपले. मार्च उजाडला आणि घरमालकांनी नेहमीप्रमाणे त्याच खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर चढवला, कारण कूलर बसेल अशी दुसरी खिडकी त्या खोलीत नव्हतीच. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणाऱ्या गावात कूलर कोठे बसतो, हे न विचारता मी खिडकीचा पडदा आणि टेबल ठरवून मोकळा झालो होतो. महिनाभर ओली हवा थेट टेबलावर आली, एमडीएफच्या कडा पाव भिजवल्यासारख्या फुगल्या आणि लॅमिनेट सुटले. ते टेबल मी स्वखर्चाने बदलून दिले. तेव्हापासून माझ्या प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्न कूलरचा असतो आणि दुसरा गव्हाच्या कोठीचा. वैशाखात वर्षाचे गहू भरणाऱ्या घरात उंचच उंच मॉड्यूलर कपाटे उभी राहतात, पण दोन क्विंटलच्या कोठीला जागा नसते. मग ती कोठी हॉलमध्ये येऊन बसते आणि घरातील थोरल्या बाई आयुष्यभर डिझायनरचा उद्धार करतात.

पांझरा:

मी धुळ्यात फर्निचरचे काम घेतो; आमच्या घरात ही तिसरी पिढी. ताईंनी राग मानू नये, पण नोकरीतून आलेल्या माणसांचे नकाशे फार देखणे आणि फार उपद्रवी असतात.

नकाशा मिलिमीटरमध्ये येतो, मिस्त्री इंच आणि सुतांत मोजतो. एका इंचात आठ सूत. मागच्या वर्षी एका डिझायनरने ओट्याखाली ६०० मिलिमीटरचे चार खण दाखवले होते. ६०० म्हणजे २३ इंच ५ सूत. मिस्त्रीने ‘दोन फूट’ म्हणून कापले, म्हणजे प्रत्येक खणात तीन सूत जास्त; चार खण मिळून दीड इंच वाढले आणि शेवटचा ड्रॉवर भिंतीला टेकला. वर ग्रॅनाईट आधीच बसलेले होते. दोष कोणाचा यावर तीन दिवस भांडण झाले, कारण नकाशावर सही कोणाचीच नव्हती.

तुमच्या नोकरीचा उपयोग विचारता, तर तो येथेच आहे. खरेदीतील माणूस प्लायवुड ‘चांगले’ आहे का, असे विचारत नाही. तो पाटावरचा, म्हणजे प्लायवुडच्या तक्त्यावरचा, शिक्का वाचतो. आयएस ३०३ हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असला तरी त्यातही एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तोंड देणारा) असे दोन दर्जे आहेत, सागरी प्लायचा क्रमांक आयएस ७१० आहे, आणि सिंकखालच्या कपाटाला एमआर लावला तर तो किती दिवस टिकेल हे आम्हालाही ठाऊक असते. सांगत मात्र कोणी नाही. पाट मोजून घेणे, आलेला माल चलनाशी ताडणे, उरलेले तुकडे लिहून ठेवणे, हे करणारा डिझायनर मला माझ्या आयुष्यात दोनदाच भेटला.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. दुकानदार मिस्त्रीला आणि डिझायनरला मागल्या दाराने टक्केवारी देतो. ती एकदा घेतली की हलका पाट आला तरी तुमचे तोंड उघडत नाही.

हिशेबनीस, अमळनेर:

संपूर्ण काम अंगावर घेण्यापूर्वी जीएसटीचा हिशेब करावा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक होते आणि या सेवेवर दर १८ टक्के आहे. केवळ फी घेतली तर २० लाख गाठायला वेळ लागेल. पण मालासकट १२ लाखांची दोन घरे घेतली की वर्षाच्या मध्यातच ती रेषा ओलांडली जाते. मालावर भरलेल्या कराची वजावट तुम्हाला मिळते, परंतु मजुरीवर आणि तुमच्या नफ्यावरही १८ टक्के चढतात आणि राहत्या घराच्या मालकाला त्यांची वजावट मिळत नसल्याने तो भार पूर्णपणे त्याच्या खिशावर पडतो. स्पर्धेला असणारा मिस्त्री बहुधा बिलच देत नाही, हे वेगळे सांगायला नको.

फीवर राहिलात तर आयकरातही सोय आहे. कायद्यात नमूद केलेल्या व्यवसायांच्या यादीत अंतर्गत सजावट येते, त्यामुळे वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत (रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत) असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. पूर्ण काम घेणाऱ्या कंत्राटदाराचा हिशेब वेगळा होतो.

राजीनाम्याआधी दोन गोष्टी करा. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाल असू शकतो. म्हणून आईवडिलांसह वैयक्तिक विमा आजच काढावा. भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या पेन्शन योजनेत दहा वर्षांहून अधिक सेवा झाली असल्याने तुमचा निवृत्तिवेतनाचा हक्क शाबूत आहे, त्यासाठी योजना प्रमाणपत्र मागून घ्यावे.

सावदेकर:

मी डिझायनर नाही, फी देणारा आहे. आमच्या सावद्याच्या घराचे काम आम्ही एका बाईंना दिले. त्यांची चित्रे दुकानदाराच्या चित्रांहून फार वेगळी नव्हती. मात्र दर शनिवारी त्या एक कागद देत: या आठवड्यात किती पाट लागले, मिस्त्रीला किती दिले, पुढच्या आठवड्यात किती पैसे तयार ठेवायचे. आमचा केळीचा पैसा माल कटला की येतो, दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही. त्यांनी कामाचे टप्पे त्या हिशेबाने लावून दिले. शेजाऱ्यांनी ‘नकाशाचे एवढे पैसे?’ असे विचारले, तेव्हा आईने त्यांना ते शनिवारचे कागद काढून दाखवले.

तापीकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. सावदेकरांचे उत्तर मी दोनदा वाचले, कारण तसा साप्ताहिक कागद मी कंपनीत १९ वर्षे दर शुक्रवारी करत आले आहे आणि तो विकता येतो, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. सध्या तरी केवळ फीवर काम करायचे ठरवते. मालाची बिले ग्राहकाच्या नावाने होतील, टक्केवारी घेणार नाही आणि हे पहिल्या पत्रातच लिहीन. मामेबहिणीच्या शेजाऱ्यांनी विचारणा केली आहे. राजीनाम्याआधी निदान ते एक काम परक्याकडून फी घेऊन पूर्ण करावे, असा विचार आहे. कूलर कोठे बसतो, हे त्यांना आजच फोन करून विचारले. उत्तर आले, ‘स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि तो हलणार नाही.’

पांझरा दादा, एक शंका आहे: नकाशावर मिलिमीटरच्या खाली सुतांतील मापे द्यावीत, की वेगळा तक्ता जोडावा?

पांझरा:

दोन्ही नको. एका कागदावर दोन मापे दिसली की प्रत्येक जण आपल्या सोयीचे वाचतो. जागेवर बनणाऱ्या कामाचा नकाशा इंच-सुतांतच काढा, कारखान्यातून कापून येणाऱ्या खणांचा वेगळा कागद मिलिमीटरमध्ये करा, आणि दोन्हींवर मिस्त्रीची सही घ्या.