पट्टी आपण भरतो, काम दारापर्यंत येतं का? गोव्यातले तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मी बार्देशातल्या एका गावात राहते. मार्चमध्ये पंचायतीत जाऊन घरपट्टी भरली, पावती घेऊन घरी आले आणि हात धुवायला नळ सोडला. कोरडा. तो तिसरा दिवस होता.

पाणीपुरवठा पंचायतीच्या हातात नसतो, हे मला कळतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. 'हर घर जल', म्हणजे प्रत्येक ग्रामीण घरात नळ, झालेलं देशातलं पहिलं राज्य म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये गोव्याचं नाव जाहीर झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रमाणपत्र मिळालं, तेही गावोगावच्या ग्रामसभांच्या ठरावांवरून. सुमारे २ लाख ६३ हजार ग्रामीण घरं त्यात आली. आमच्या ग्रामसभेत ठराव वाचला तेव्हा मीही हात वर केला होता. घरात नळ होता, मग नाही का म्हणायचं? आज त्या हाताचं मला फार वाईट वाटतं. आम्ही नळ मोजले, पाणी कुणीच मोजलं नाही.

म्हणून गेले तीन आठवडे मी मोजते आहे. पहाटे साडेचारला पाणी येतं, करंगळीएवढी धार. १२ लिटरची कळशी भरायला चार-साडेचार मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांत नऊ कळश्या होतात आणि नळ फुसफुसायला लागतो. म्हणजे १०८ लिटर, घरात माणसं पाच. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरांचा आहे. आमच्या वाट्याला बावीसही येत नाहीत. एक टँकर मागवला की वर्षाच्या घरपट्टीहून जास्त पैसे जातात.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. त्याआधी तुमचे अनुभव वाचायचे आहेत. तुम्ही भरलेला कर, तुमच्या नावची योजना: काम झालं असं कुठं ठरलं, कागदावर की तुमच्या दारात? चांगलं काही घडलं असेल तर तेही आवर्जून लिहा.

फोंडा तालुका, निवृत्त कारकून

ताई, तुम्ही कळशी घेतलीत, मी टेप घेतला होता. आमच्या वाड्यावरच्या गटाराचं बिल मंजूर झाल्याचं कळलं, पण आमच्या दारासमोर तर पाणी तुंबतच होतं. माहिती अधिकारात अर्ज केला. शुल्क १० रुपये, उत्तर द्यायची मुदत ३० दिवस, अठ्ठाविसाव्या दिवशी कागद मिळाला. एक लक्षात ठेवा: 'गटाराची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. वर्क ऑर्डर, अंदाजपत्रक आणि मेझरमेंट बुकच्या त्या पानांची प्रत, असं नेमकं मागा. मेझरमेंट बुकात गटाराची लांबी ६० मीटर होती. शेजाऱ्याच्या मुलाला टेपचं एक टोक धरायला लावलं, तीनदा मोजलं. ३८ भरली. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून अभियंत्याच्या टेबलावर ठेवले. भांडलो नाही, आवाज चढवला नाही. पावसाच्या तोंडावर उरलेलं गटार झालं. एका फाटकाखालचा पाइप मात्र अजून टाकलेला नाही, तिथं दर जूनमध्ये पाणी रस्त्यावर येतं. त्याचा अर्ज पुढच्या आठवड्यात करतो.

सत्तरी, बचत गट

मी शाळेतल्या मुलांचं मध्यान्ह जेवण करते. आम्ही सात बायका आहोत. पहाटे साडेतीनला चूल पेटते. भाजी-पाव असेल तर पदेराकडून (पाववाल्याकडून) पाव मोजून घ्यायचे, चपातीच्या दिवशी पीठ मळून मळून मनगटं सुजतात. शाळेला वेळेवर डबे पोचतात, एक दिवस चुकलेला नाही. पण बिल चार-चार महिने येत नाही. किराणावाल्याची वही भरली की तो म्हणतो, "माई, आता थोडे तरी द्या." गेल्या वर्षी चवथीच्या आधी दोघींनी बांगड्या गहाण ठेवल्या, कारण सणाला कुणाच्या घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायलाही पैसे नव्हते. कागदावर 'मुलांना आहार दिला' असं येतं आणि ते खरंच आहे. तो कुणाच्या पैशांनी शिजला, ते कुठंच येत नाही. कुणी मोजणार असेल तर बिल दिल्याची तारीख आणि पैसे हातात पडल्याची तारीख या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. एवढंच मागणं आहे.

डिचोली, माजी पंच

सगळ्यांचं वाचलं. चुका आमच्याकडून झाल्या, मान्य. पण एक बाजू मांडतो. माझ्या वेळी थकबाकीदारांची यादी बघितली तर त्यात पैसेवाल्यांची घरं जास्त होती. घरावर मजला चढला, खाली भाडेकरू आला, तरी पट्टी जुन्याच मापानं चालू. नवीन मोजणी करू म्हटलं की मतं जातील म्हणून बैठक तिथंच संपायची. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून दिवे आणि कचरा कसाबसा भागायचा, बाकी सगळं अनुदानाची वाट बघत. हिशेब मागा, पण ग्रामसभेला या. आमच्या कोरमला माणसं गोळा करावी लागायची.

काणकोण

चांगलं लिहा म्हटलंत म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी रात्री जेवताना आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली, घामानं शर्ट भिजला. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ईसीजी काढला आणि लगेच बांबोळीला गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) हृदयतज्ज्ञांना पाठवला. तिकडून होकार येताच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथंच दिलं, एक पैसा घेतला नाही. मग १०८ रुग्णवाहिकेतून बांबोळी. काणकोणहून बांबोळी म्हणजे करमलचा घाट उतरून, मडगाव ओलांडून जायचं. तोवर थांबलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. नंतर नर्सनं सांगितलं की रुग्ण दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती मिनिटं गेली, ते प्रत्येक वेळी लिहून ठेवतात. हे आज अंगणात बसून काजू भाजतात. माझा सगळा कर तिथं गेला असेल तर मला काही विचारायचं नाही.

पेडणे

सासूबाईंना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये मिळतात. त्यातून त्या स्वतःची गुडघ्याची गोळी घेतात आणि नातवाला जत्रेत खाजं घेऊन देतात, मुलापुढे हात पसरत नाहीत. रक्कम लहान आहे, पण त्यांचा ताठ कणा मी रोज बघते. फक्त पैसे उशिरा आले की त्या पासबुक घेऊन बँकेत तीन-तीन फेऱ्या मारतात, ते बघवत नाही.

फोंडा तालुका, झुआरीकाठचा शेतकरी

माझं वय ७८. आमची खाजन शेती. नदीचं खारं पाणी अडवायला बांध आणि पाणी आत-बाहेर सोडायला मानस, म्हणजे बांधातलं झडपेचं दार. मानशीत मासळी पकडायच्या हक्काची पावणी (लिलाव) व्हायची, देवळासमोर, सगळ्यांच्या देखत. बोली किती गेली ते पोरांनाही माहीत असायचं. त्याच पैशांतून बांधाची डागडुजी. एका पावसात बांधाला खांड पडली, तेव्हा माझे वडील आणि तीस-पस्तीस माणसं ओहोटी बघून चिखलात उतरली. पुढच्या भरतीआधी खांड बुजवली, कारण पाणी आत आलं असतं तर तीन वर्षं भात पिकलं नसतं. पुढे १९६४ चा कूळ कायदा आला, कसणाऱ्याला आधार मिळाला, ते योग्यच झालं. बांध कूळ संघाकडे गेला. पावणी अजून होते, पण आता बोली कितीची झाली आणि बांधावर किती पडले, हे विचारलं की लोक गप्प बसतात. गेली चार वर्षं माझ्या शेतात भाताऐवजी खारफुटी उगवते. मला दान नको. पावणीचा आकडा पुन्हा देवळासमोर मोठ्यानं वाचा.

बार्देश, मीच पुन्हा

काल ग्रामसभा झाली. कळश्यांची वही घेऊन गेले होते. सचिव म्हणाले, हा विषय आपल्या अखत्यारीत नाही. मी म्हटलं, ठराव ह्याच सभागृहात झाला होता, तर हे आकडेही इथल्याच इतिवृत्तात लिहा. अर्धा तास वाद झाला. मागून एक वयस्क बाई उठल्या, म्हणाल्या, "माझ्याकडे पाचच कळश्या येतात, माझंही लिहा." मग आणखी दोघी उठल्या. शेवटी सचिवांनी तारीख, वेळ आणि लिटर लिहून घेतले, मला वाचूनही दाखवले. इतिवृत्ताची प्रत पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला पाठवायची असं ठरलं.

फोंड्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्जात नेमकं मागते आहे: आमच्या वाड्यावर पाणी सोडल्याच्या वेळा, महिनाभराच्या. उद्यापासून सात घरांत कळश्या मोजल्या जातील. बारा लिटरचीच कळशी वापरा, असं सगळ्यांना सांगून आले आहे.