आहार बदलल्याने मुलीचा मंत्रचळ कमी होईल का?

प्रश्न : निफाडची लेक

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहतो. माझी मुलगी १३ वर्षांची असून आठवीत शिकते. माझे माहेर निफाड तालुक्यातले असून घरची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की कोणते औषध कधी मारायचे आणि पाऊस आला तर पुन्हा कधी मारायचे, याखेरीज तेथे दुसरे बोलणे नसते. मुलगी दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस आजोळी होती आणि हे सगळे ऐकत होती. जानेवारीत पहिली द्राक्षे घरी आली, तेव्हा ती सात वेळा धुतल्याशिवाय तोंडात घालेना, आणि मोजताना चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून धुवू लागली. महिन्याभरात द्राक्षे सुटली. मग टोमॅटो, पालेभाज्या आणि कोथिंबीर सुटली. शेवटी मटकीही सुटली, कारण ती कोणत्या पाण्यात भिजवली हे तिने स्वतः पाहिलेले नसते. आता पोळी, वरण-भात आणि पाकिटातली बिस्किटे एवढेच तिच्या पानात उरले आहे. दुधाची पिशवी तिच्यासमोर फोडली तरच ती दूध घेते. वजन ४ किलोने उतरले आहे.

मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असल्याचे निदान केले. लक्षणांच्या मोजपट्टीवर तिला ४० पैकी २२ गुण आले, म्हणजे त्रास मध्यम स्वरूपाचा आहे. त्यांनी वर्तनोपचार, म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव, सुरू केले असून सर्ट्रालिन या औषधाची गोळीही सुचवली आहे. इकडे जाऊबाई म्हणतात की गहू आणि साखर बंद करा. आत्याबाई रोज दोन केळी द्यायला सांगतात, कारण केळ्यात सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थितीशी संबंधित मेंदूतले रसायन, असते. एका मैत्रिणीने ‘मन शांत करणारी’ परदेशी भुकटी आणून दिली आहे. सासूबाईंना हे सोवळ्यासारखेच वाटते, त्यामुळे त्या नातीची बाजू घेतात. गोळी देण्याआधी दोन-तीन महिने आहाराचा मार्ग करून पाहावा, असे माझ्या मनात आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : आहारतज्ज्ञ, इंदिरानगर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि मला सर्वांत आधी खटकले ते हे की तुम्ही तिच्या पानातून आणखी काय काढावे, असे विचारत आहात. तिच्या पानातून पदार्थ काढण्याचे काम आजार जानेवारीपासून करतोच आहे. त्यात गहू काढला तर तिच्या जेवणातली पोळीही जाईल, आणि ‘अन्नात काहीतरी घातक असते’ या तिच्या भीतीला घरातल्या मोठ्या माणसांनीच दुजोरा दिल्यासारखे होईल. ज्या मुलाला सिलिॲक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, आहे त्याने गहू सोडलाच पाहिजे, पण त्याचे निदान रक्ततपासणीने होते आणि ती तपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. गहू सोडल्याने किंवा साखर तोडल्याने मंत्रचळ हटतो, असे कोणत्याही भरवशाच्या अभ्यासातून दिसलेले नाही.

केळ्याबद्दल सांगते. केळ्यात सेरोटोनिन असते हे खरे आहे, परंतु पोटातून रक्तात गेलेले सेरोटोनिन मेंदूभोवतीचा अडसर ओलांडू शकत नाही. मेंदू ते स्वतः ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून तयार करतो. मग ट्रिप्टोफॅन वाढवावे का, असा पुढचा प्रश्न येतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, औषधाने बऱ्या झालेल्या मंत्रचळाच्या प्रौढ रुग्णांच्या शरीरातले ट्रिप्टोफॅन मुद्दाम उतरवले गेले. त्यांचा मूड खालावला, पण मंत्रचळाची लक्षणे वाढली नाहीत. आहारातला एक घटक आणि हा आजार यांचे नाते आपण घरी मांडतो तितके सरळ नाही, हे त्यावरून कळते. केळे फळ म्हणून अवश्य द्या, आणि साल सोलून खायचे असल्याने ती कदाचित ते स्वीकारेलही.

भुकटीच्या डब्यावरचे घटक वाचा. त्यात फाइव्ह-एचटीपी (शरीरात ज्यापासून सेरोटोनिन बनते तो घटक) किंवा ट्रिप्टोफॅन असेल, तर सर्ट्रालिनसोबत ते धोक्याचे आहे, कारण दोन्हींमुळे सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, घबराट आणि गोंधळलेपण येऊ शकते. एन-असिटिलसिस्टीन या पूरक औषधाचे नावही हल्ली बरेच ऐकू येते. केस उपटण्याच्या विकारावर, जो मंत्रचळाचा भाऊबंदच आहे, २००९ मध्ये प्रौढांत त्याचा चांगला उपयोग दिसला, पण २०१३ मध्ये मुलांवर चाचणी झाली तेव्हा नकली गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही. मोठ्यांना लागू पडलेले मुलांना लागू पडेलच, असे म्हणूनच धरता येत नाही.

आहाराचे खरे काम वेगळ्या जागी आहे. तुमचे घर शाकाहारी असेल आणि दूधही आता अटीवर येत असेल, तर बी-१२ ची तपासणी करून घ्या. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नैसर्गिकरीत्या नसते, नागलीतही नाही आणि मोड आलेल्या कडधान्यांतही नाही. स्पिरुलिनातले बहुतांश रूप तर शरीराला वापरताच येत नाही. बी-१२ किंवा फोलेट (आणखी एक ब जीवनसत्त्व) कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे अमिनो आम्ल साचते. मंत्रचळाच्या काही रुग्णांत, मुलांतही, ते वाढलेले आढळले आहे, परंतु त्यामुळेच आजार झाला असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही कमतरता निघाली तर ती भरून काढलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे थकवा, चिडचिड आणि विसराळूपणा येतो. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व पाहा. पाळी सुरू झाली असेल तर लोहाची गरज आणखी वाढलेली असते. जेवणाबरोबर चहा देऊ नका, त्याने लोह कमी शोषले जाते. वरणावर लिंबू पिळले तर उलट मदत होते.

शेवटची गोष्ट वेळेची. तिला दर तीन तासांनी काहीतरी खाऊ द्या. उपाशीपोटी होणारी छातीची धडधड आणि हातांची थरथर भीतीसारखीच वाटते, आणि धास्तावलेले मूल तिचा अर्थ ‘विष अंगात गेले’ असाच लावते. कोला आणि कडक चहा यांच्याबाबतही हेच म्हणता येईल, शिवाय त्यांनी झोप मोडते ती वेगळीच.

उत्तर २ : नाशिकरोडचे बाबा

वहिनी, माझा मुलगा आता १९ वर्षांचा आहे. १४ व्या वर्षी त्याचे उपवास वाढत गेले. आधी संकष्टी, मग सोमवार, मग शनिवार, आणि भगर शिजवताना भांड्याला मिठाचा हात लागला असेल या शंकेने उपवासाचेही पदार्थ तो टाकू लागला. घरात देवाधर्माचे वातावरण असल्याने आम्ही कौतुकच केले. त्याच्यासाठी वेगळे पातेले, वेगळा चमचा, वेगळी शेगडी ठेवली. पुढे समुपदेशकांनी समजावले की आम्ही प्रेमाने केलेली ही प्रत्येक सोय आजाराच्या पथ्यावर पडत होती. माझी आई सोवळे नेसते, पण ते सोडल्यावर तिच्या मनात ते राहत नाही आणि ते पाळताना ती रडत नाही. सासूबाईंना हा फरक शांतपणे दाखवा. आमच्या आईला तो पटला आणि पुढे तीच त्याला सर्वांच्या पातेल्यातली खिचडी वाढू लागली.

उपचारात आम्ही पदार्थांची चढती क्रमवारी लावली होती, सर्वांत कमी भीतीचा पदार्थ आधी. तो पदार्थ खायचा, नंतर चूळ भरायची नाही, जप करायचा नाही, आणि बेचैनी आपोआप उतरेपर्यंत आम्ही त्याच्याजवळ बसायचे. पहिल्या आठवड्यात तासभर लागे. वेगळे पातेले मात्र आम्ही एका दिवसात काढले नाही, त्याला सांगून टप्प्याटप्प्याने काढले. तुम्हीही उपचारकांना विचारूनच क्रम ठरवा.

उत्तर ३ : निवृत्त बालरोगतज्ज्ञ, पंचवटी

आहार आधी आणि गोळी नंतर, हा क्रम मला मान्य नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांना १२ आठवडे उपचार दिले गेले. वर्तनोपचार आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्या गटात सुमारे ५४ टक्के मुले जवळजवळ लक्षणमुक्त झाली. केवळ वर्तनोपचारात हे प्रमाण ३९ टक्के, केवळ गोळीत २१ टक्के आणि नकली गोळीत ४ टक्क्यांहून कमी होते. वर्तनोपचार तुम्ही सुरू केलेच आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. गोळीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, पण तिचा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात हे ध्यानात ठेवा. आहारासाठी तीन महिने थांबलात, तर मुलीचे अर्धे शैक्षणिक वर्ष निघून जाईल आणि वजनही आणखी उतरेल. सुरुवातीला मळमळ किंवा पातळ शौच होऊ शकते, म्हणून गोळी जेवणाबरोबर द्यावी आणि पहिल्या काही आठवड्यांत तिच्या मनःस्थितीकडे बारकाईने लक्ष ठेवावे. अस्वस्थता वाढलेली दिसली किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलणे कानावर आले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

तुमच्या मुलीचा त्रास महिन्यांमागून महिने वाढत गेला आहे. एखाद्या मुलात मात्र हीच लक्षणे आणि अन्न नाकारणे दोन-तीन दिवसांत एकदम उफाळते, कधी घसा दुखून गेल्यावर. तेव्हा थांबू नये, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा, पण आकडा तिच्यापुढे बोलू नका. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

निफाडची लेक

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीत बी-१२ आणि फेरिटिन दोन्ही कमी आले असून बालरोगतज्ज्ञांनी औषध लिहून दिले आहे. भुकटीत फाइव्ह-एचटीपी होते, म्हणून ती मी मैत्रिणीला परत केली. गव्हाचा विषय संपला. गोळी सोमवारपासून सुरू करत आहोत.

काल उपचारकांसमोर तिची क्रमवारी लागली. तळाशी केळे आहे, मध्ये मटकीची उसळ आणि टोमॅटो, आणि सर्वांत वर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : ‘मामाच्या बागेतली द्राक्षे, एकदाच धुतलेली’. नवीन माल यायला अजून पाच महिने आहेत. या पाच महिन्यांत बागेत काय बोलायचे आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत दिवस का मोजतात हे तिला कसे सांगायचे, की सांगायचेच नाही, हे मी पुढच्या भेटीत उपचारकांना विचारणार आहे, कारण माझा भाऊ तिला समजावायला आतुर आहे आणि समजावणे हेही तिच्यासाठी पुन्हा पुन्हा खात्री करून घेणेच ठरेल, अशी मला शंका येते.

उत्तर १ : आहारतज्ज्ञ, इंदिरानगर

तुमची शंका रास्त आहे, आणि भावाला तोवर थांबवा. मटकी मात्र तिलाच भिजवू द्या, पाणी एकदाच बदलून.