केमोसोबत पेशीचा ब्रेक काढायचा, पण किंमत कोण मोजणार?

गुणसूत्र:
कालपासून फिरणाऱ्या त्या पोस्टनं डोकं उठवलंय. दावा असा, की 'वी-१' प्रथिन रोखणारी ॲडावोसर्टिब ही गोळी केमोची ताकद दुप्पट करते आणि कंपनीनं २०२२ मध्ये ती रुग्णांपासून दडवली.

केमोनं डीएनए तुटला की पेशी तपासनाक्यांवर (चेकपॉइंट) थांबते, डागडुजी करते, मग दुभागते. पी-५३ हे पेशीला थांबवणारं प्रथिन बिघडलेल्या गाठीत जी-१चा, म्हणजे पहिला नाका उठलेलाच असतो, म्हणून सगळी मदार दुभागण्याआधीच्या जी-२ नाक्यावर, म्हणजे तो चालवणाऱ्या एटीआर, चेक-१, वी-१ या प्रथिनांवर. तोही उठवला की तुटक्या डीएनएसकट पेशी दुभागायला जाते आणि मरते. कल्पना मलाही पटते. पण अस्थिमज्जेतल्या पेशी रात्रंदिवस दुभागतात, त्यांनाही एटीआर आणि चेक-१ लागतातच. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये केमोला एटीआररोधक बर्झोसर्टिब जोडून पाहिलं (२०२१). नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण निदान इतकं जगले) १९.८ महिने, जोडीवर १४.४. रक्तपेशी कोसळल्या आणि सिस्प्लॅटिन हे केमोचं मूळ औषधच कमी द्यावं लागलं. हे त्या पोस्टमध्ये कुठंय?

वैनगंगा:
आणि ओव्हरीची चाचणी तुमच्या प्रतिसादात कुठंय? प्लॅटिनमच्या केमोला (सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन) दाद न देणाऱ्या कॅन्सरच्या ९९ बायका. जेमसिटाबिन या केमोसोबत ॲडावोसर्टिब दिलं तर मध्यक आयुष्य ११.४ महिने, नुसत्या जेमसिटाबिनवर ७.२. तीही २०२१चीच. ओव्हरीच्या या हाय-ग्रेड सीरस प्रकारात पी-५३ जवळजवळ प्रत्येकीत बिघडलेलं असतं, म्हणजे तुमचाच नियम इथं लागू पडला.

माझ्या आईला कार्बोप्लॅटिन संपल्यावर पाचव्या महिन्यात परत पाणी झालं पोटात. डॉक्टर म्हणाले, आता फार काही नाही. चार महिने म्हणजे काय, ते मला विचारा. नातवाची मुंज चार महिन्यांवर होती.

गुणसूत्र:
आईंबद्दल वाईट वाटलं. पण त्याच चाचणीत जोडीच्या गटात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गंभीरपणे घसरलेल्या ६२ टक्के, दुसऱ्या गटात ३०. प्लेटलेट ३१ विरुद्ध ६. हेही लिहा.

वैनगंगा:
लिहिलं असतं. आईनं विचारपूर्वक होकार दिला असता, हेही लिहिलं असतं. तिला कुणी विचारलंच नाही.

कट्टेकरी:
चेकपॉइंटचं औषध भारतात मिळतं की! निवोलुमॅब. मेव्हण्याच्या जिभेच्या कॅन्सरला सांगितलं होतं. आकडा ऐकून बहीण खालीच बसली. शेत विकायचं का, यावर घरात महिनाभर भांडणं.

गुणसूत्र:
ते इम्यून चेकपॉइंट. रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक. इथं पेशीचक्राचा ब्रेक चाललाय. नाव एक, गोष्टी दोन.

कट्टेकरी:
नाव एक ठेवलं कुणी? पेशंटला कसं कळायचं? डॉक्टर पाच मिनिटांत उठतात.

निशिगंध:
कट्टेकरी, टाटा मेमोरियलचं काम बघा, २०२२चं. डोक्यामानेच्या कॅन्सरला मेट्रोनॉमिक (कमी डोसच्या, नियमित घ्यायच्या) गोळ्यांसोबत निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा. एरवी दोन आठवड्यांनी २४० देतात. वर्षाअखेर हयात असणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले.

कट्टेकरी:
बाराव्या हिश्शात?? आम्हाला कुणी बोललं नाही! मेव्हणा गेला त्याला दीड वर्ष झालं.

निशिगंध:
तुलना नुसत्या गोळ्यांशी होती, पूर्ण डोसशी नाही. पण परवडत नसेल तिथं हा पर्याय घरच्यांना सांगायलाच हवा होता.

कट्टेकरी:
मग सांगणं कुणाचं काम? मी त्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर सहा तास उभा होतो.

वैनगंगा:
दादा, वाईट झालं खरंच. पण माझा प्रश्न राहिला. गुणसूत्र, ओव्हरीवर उत्तर द्या.

गुणसूत्र:
बरं. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये फायदा दिसला, मान्य. मी मूत्राशयाचंच उदाहरण दिलं, तेही चुकलं. पण 'दुप्पट' आणि 'दडवली' मान्य नाही. दडवली असती तर तुम्ही हे आकडे वाचले कुठून?

वैनगंगा:
दडवली नाही, कंपनीनं ती गोळी सोडून दिली. ज्यांच्या पोटात पाणी भरतंय, त्यांना त्यात फरक काय?