कलंक प्रश्नावलीत उतरतो का? एचआयव्ही-शिक्षणावरच्या संशोधनाबद्दल एक तक्रार

तिरकस रेघ (धागाकर्ता)

कामाचा भाग म्हणून वर्षभर एचआयव्ही-शिक्षण आणि कलंक-निवारण यांवरचे शोधनिबंध वाचतो आहे. पन्नासेक झाल्यावर साचा पाठ झाला. आधी प्रश्नावली, मग दोन दिवसांची कार्यशाळा, मग पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं कालच सांगितली होती! निष्कर्ष ठरलेला: उपक्रम परिणामकारक, अधिक संशोधनाची गरज. वर्षभराने त्याच माणसांकडे परत जाणारे थोडेच.

जे गेले त्यांना काय दिसलं? टांझानियातल्या म्वान्झा भागात २० समुदायांत एक भक्कम चाचणी झाली. शाळेत लैंगिक शिक्षण, आरोग्यकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, कंडोमची सोय, सगळं होतं. निकाल २००७ साली छापून आला. मुलांचं ज्ञान वाढलं, दृष्टिकोन सुधारला. रक्त तपासलं तर एचआयव्हीत फरक नाही. काही वर्षांनी पुन्हा तपासलं, तरीही नाही.

दुसरं उदाहरण 'व्हॉइस' चाचणीचं. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजारांवर स्त्रियांना संसर्ग होऊ नये म्हणून रोजची गोळी किंवा जेल दिलं होतं. विचारलं की उत्तर यायचं, सुमारे ९० टक्के वेळा घेतलं. रक्तात औषध सापडलं जेमतेम ३० टक्के नमुन्यांत. माणूस स्वतःच्या गोळीबद्दल खरं सांगत नसेल, तर शेजाऱ्याबद्दलच्या पूर्वग्रहाबद्दल सांगेल?

आणि याच्या उलट टोकाला मलावीतला झोम्बा जिल्हा. शाळेत जाणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडे पैसे दिले. दीड वर्षाने पैसे मिळणाऱ्या मुलींत एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के, न मिळणाऱ्यांत ३ टक्के. कुणी व्याख्यान दिलं नाही, कुणाचा दृष्टिकोन बदलला नाही.

म्हणून म्हणतो, कलंकावरचे परिसंवाद पुरे झाले. औषध द्या, पैसे द्या, तपासणी सोपी करा. कलंक मागाहून ओसरेल.

रोखठोक

सहमत. आणि एक कटू गोष्ट: थोडा कलंक असलेला बरा. लोकांना भीती वाटली पाहिजे. भीती गेली की बेफिकिरी येते. सध्या कुणालाच काही वाटेनासं झालंय.

दुपारपाळी

तिरकस रेघ, साच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, मीही असल्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. पण 'व्हॉइस'चं अर्धंच सांगितलंत. त्या स्त्रियांनी गोळ्या का घेतल्या नाहीत, हे नंतर त्यांनाच बसवून विचारलं गेलं. अनेक कारणं निघाली आणि त्यातलं एक ठळक कारण असं की ही औषधं एचआयव्ही असलेल्यांना देतात तीच. घरात बाटली दिसली तर नवरा, सासू, शेजारीण काय समजेल? 'हिला झालाय.' संसर्ग टाळायला दिलेली गोळी संसर्गाच्या संशयापायी पडून राहिली. म्हणजे तुमचं सगळ्यात जोरदार उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

समुपदेशनाच्या खोलीत बरीच वर्षं काढल्यावर काही गोष्टी रोजच्या होऊन जातात. गोळ्यांच्या डब्याचं लेबल नखाने खरवडून काढलेलं असतं. प्रवासात खुळखुळ नको म्हणून आत कापूस कोंबलेला असतो. जवळचं केंद्र सोडून लोक दोन बस बदलून लांबच्या केंद्रात येतात आणि ज्या दिवशी भाड्याला पैसे नसतात त्या दिवशी येत नाहीत. तो एक खाडा. असे खाडे साठले की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, वर जातं. मग आम्ही फाइलवर लिहितो, 'रुग्ण औषध नियमित घेत नाही.' कलंक हा शब्द फाइलवर कुठेच नसतो.

औषध द्या म्हणता. औषध आहे हो! औषध आणि तोंड यांच्यात जे अंतर आहे त्याबद्दल बोलतोय आपण.

रोखठोक, तुमच्यासाठी वेगळं लिहिते, आत्ता पाळी आहे.

शून्यान्वयी

दोघांच्याही मधे पडतो. माझा व्यवसाय आकडेमोडीचा, त्यामुळे तक्रारही आकड्यांची.

'कलंक' या एका शब्दाखाली संशोधनात चार-पाच वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. प्रत्यक्ष झालेला भेदभाव, होईल या धास्तीने लपवणं, स्वतःलाच अपराधी मानणं आणि समाज काय म्हणतो याचा अंदाज. २००१ साली आलेली ४० विधानांची मोजपट्टी यांतले काही धागे वेगळे करते. ती वाईट नाही. पण ती एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्या समाजाला काय विचारतात? अनेक देशांच्या मोठ्या आरोग्य-सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं एक प्रश्न आहे: भाजीविक्रेत्याला एचआयव्ही आहे हे कळलं तर त्याच्याकडून ताजी भाजी घ्याल का?

आता बघा. हा प्रश्न मुख्यतः 'भाजीतून संसर्ग होतो का' याबद्दलच्या अज्ञानाचा आहे. माहिती दिली की 'घेईन' म्हणणारे वाढतात आणि अहवालात कलंक घटतो. त्याच माणसाला विचारा, 'या भाजीविक्रेत्याला एचआयव्ही कसा झाला असेल असं वाटतं?' मग चेहरा बघा. संसर्गाची धास्ती आणि नैतिक निवाडा हे दोन वेगळे रोग आहेत. पहिला माहितीने बरा होतो, दुसरा होत नाही. दोन्ही एकाच बाटलीत भरून सरासरी काढली की तिरकस रेघ वैतागतात ते संशोधन तयार होतं.

मात्र शिक्षण सरसकट मोडीत काढू नका. केनियाच्या पश्चिम भागात अर्थशास्त्रज्ञ पास्कलिन ड्युपास यांनी केलेला प्रयोग वाचा, २०११ साली छापून आला. शाळांत 'लग्नापर्यंत थांबा' हा सरकारी धडा होता, त्याने किशोरवयीन गरोदरपणावर काही फरक पडला नाही. दुसऱ्या काही शाळांत मुलींना फक्त एक गोष्ट सांगितली: वयाने मोठ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण तुमच्या वयाच्या मुलांपेक्षा किती जास्त आहे. साधारण ४० मिनिटांचं काम. पुढल्या वर्षभरात त्या मुलींतलं गरोदरपण २८ टक्क्यांनी घटलं, मुख्यतः मोठ्या पुरुषांपासूनचं. हेही शिक्षणच. उपदेश नव्हता, उपयोगी पडेल अशी बातमी होती.

(आणि झोम्ब्यात पैसे कशामुळे कामी आले? मुली मोठ्या पुरुषांकडे कमी गेल्या. दोन्ही कहाण्या एकाच जागी येतात, हे मला गमतीचं वाटतं.)

तिरकस रेघ

'व्हॉइस'चा मुद्दा मान्य, तो पुढचा अभ्यास मी वाचला नव्हता. पण यातून माझं म्हणणं पडत नाही. कलंक आडवा येतो हे ठीक. कार्यशाळेने तो कमी होतो याचा पुरावा कुठे आहे? आजार खरा आहे म्हणून कुठलंही औषध चालतं असं नाही.

दुपारपाळी

पाळी संपली. आधी रोखठोक.

भीतीचा प्रयोग जगाने करून पाहिलाय. १९८७ साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवर जाहिरात आली. काळ्या झग्यातला यमदूत चेंडू टाकतोय आणि बोलिंगच्या पिनांच्या जागी बाया, माणसं, पोरं उभी. लोक हादरले. पण पुढे त्यावर मोठी टीका झाली ती अशी, की बघणाऱ्यांच्या मनात यमदूत म्हणजे आजार राहिला नाही, आजारी माणूसच यमदूत ठरला, आणि त्यातही समलिंगी पुरुष. भीती आजाराला चिकटत नाही, दिसेल त्या माणसाला चिकटते.

भ्यालेला माणूस तपासणीला येत नाही. न तपासलेल्याला औषध मिळत नाही. ज्याला औषध नाही त्याच्याकडून संसर्ग पुढे जातो. यात बेफिकिरी कुठे बसते ते तुम्हीच सांगा.

रोखठोक

जाहिरात वाईट होती म्हणून भीती वाईट असं होत नाही. दारू, सिगारेट, हेल्मेट, सगळीकडे भीतीच घालतात. इथेच नको का?

शून्यान्वयी

सिगारेटचं पाकीट खिशात असतं, फेकता येतं. हेल्मेट काढता येतं. इथे ज्याची भीती घालायची ते माणसाच्या रक्तात आहे. काय फेकायचं?

चौथा बाक

वाचतोय. 😶 शून्यान्वयींना +१.

सावलीतला

इथे दुसऱ्या नावाने लिहितो, आजच्यापुरतं हे नाव घेतलं. नऊ वर्षं एचआयव्ही आहे. धाग्यावर सगळे माझ्याबद्दल बोलताहेत, म्हटलं आपणही बोलावं.

आधी माहितीची ताकद. २०१६ साली 'पार्टनर' अभ्यासाचा निकाल आला. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी ८८८ जोडपी. औषधाने व्हायरल लोड दाबलेला, कंडोम न वापरता सुमारे ५८,००० वेळा संबंध. जोडीदाराकडून जोडीदाराला गेलेला संसर्ग: शून्य. २०१९ साली फक्त समलिंगी पुरुष जोडप्यांवरचा दुसरा भाग आला, ७८२ जोडपी, ७६,००० च्या वर वेळा. पुन्हा शून्य. १५ जणांना नवा संसर्ग झाला होता, विषाणूची जनुकीय तपासणी केली तर एकाचाही जोडीदाराच्या विषाणूशी जुळेना, म्हणजे तो बाहेरून आलेला.

मला हे कुणी सांगितलं? माझ्या डॉक्टरांनी नाही. तीन वर्षं माझा रिपोर्ट 'सापडत नाही' असा येत होता, ते दर वेळी 'छान' म्हणायचे आणि पुढे 'काळजी घ्या' म्हणायचे. कसली काळजी ते मला बरोबर कळायचं. शेवटी मीच वाचलं. नंतर विचारलं तर म्हणाले, 'सगळ्यांना सांगितलं तर लोक मोकाट सुटतील.' आता या गृहस्थांना भाजीचा प्रश्न विचारा, पैकीच्या पैकी पडतील.

माझं भांडण प्रश्नावलीशी नाही, ती कुणाच्या हातात देता त्याच्याशी आहे. माझ्याकडे तीनदा संशोधक येऊन गेले. 'तुम्हाला स्वतःची लाज वाटते का? अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप.' लाज मोजून घेऊन गेले. ज्यांनी ती दिली त्यांच्याकडे किती जण गेले?

आणि शब्द. 'एड्सग्रस्त', 'पीडित', 'बळी'. १९८३ साली अमेरिकेतल्या डेन्वरमध्ये एड्स असलेल्या लोकांनी एकत्र येऊन जाहीर केलं होतं की आम्हाला बळी म्हणू नका, आणि आमच्याबद्दलचे निर्णय घेताना आम्हाला सोबत घ्या. आजही बातमीत 'निष्पाप बालकाला एचआयव्ही' असं वाचतो. बालक निष्पाप, म्हणजे मी कोण ते वाचकाने समजून घ्यायचं.

तिरकस रेघ

सावलीतला, लिहिलंत हे बरं केलंत. मला वाटतं आपण एकाच गोष्टीवर रागावलो आहोत. तुम्ही दिलेला 'शून्य' हा रक्ताचा आकडा आहे, मताचा नाही. तेच म्हणतोय मी. कलंकाचं संशोधनसुद्धा असंच मोजा. डॉक्टर काय मानतात ते विचारू नका. एखादा माणूस पेशंट बनून पाठवा आणि त्याला व्हायरल लोडबद्दल सांगतात का ते नोंदवा. हातमोज्यांच्या किती जोड्या घालतात ते मोजा. खाडे मोजा.

दुपारपाळी

हे मात्र पटलं. दुहेरी हातमोजे मी पाहिले आहेत, साधा रक्तदाब घेताना.

पण 'शून्य'बद्दल एक काळजी. आता आमच्याकडे नवीन उतरंड दिसते. ज्याचा लोड सापडत नाही तो 'चांगला पेशंट', ज्याचा सापडतो तो बेजबाबदार. कुणाच्या शरीराने औषधाला दाद दिलेली नसते, कुणाच्या केंद्रात साठाच संपलेला असतो, कुणाला घरी गोळी लपवायला जागा नसते. जुना कलंक पुसताना नवा काढून ठेवू नये. गर्भार बाईला हे सांगताना मी तर फार जपून शब्द निवडते. स्तनपानाच्या बाबतीत ते 'शून्य' जसंच्या तसं लागू होत नाही.

शून्यान्वयी

बरोबर. 'पार्टनर'मधलं शून्य लैंगिक संबंधांपुरतं आहे. सुयांच्या बाबतीतही ते तसंच्या तसं चालत नाही.

तिरकस रेघ, तुम्ही सांगितलेल्या मोजमापात एक अडचण आहे. बनावट पेशंट पाठवून डॉक्टर कळेल, सासू कळणार नाही. दुपारपाळींनी सांगितलेला कापूस तर कुठल्याच यंत्रात दिसत नाही. तो कुणीतरी सांगितला म्हणून कळला. २००८ पासून अनेक देशांत कलंकाचा एक निर्देशांक काढतात, त्यात मुलाखती घेणारेही एचआयव्हीसह जगणारेच असतात. प्रश्नावलीच ती, पण विचारणाराही त्याच वाटेवरचा. माझ्या मते उत्तराचा दर्जा त्याने बदलतो.

तिरकस रेघ

म्हणजे पुन्हा प्रश्नावली.

शून्यान्वयी

म्हणजे पुन्हा प्रश्नावली. 😀

रोखठोक

'पार्टनर'चे आकडे मी पहिल्यांदाच ऐकले, खरे असतील तर माझं बेफिकिरीचं म्हणणं निदान त्या जोडप्यांपुरतं चुकलं. बाकीच्यांबद्दल अजून पटलेलं नाही.

सावलीतला, एक विचारू? राग मानू नका. घरी माहीत आहे का?

सावलीतला

बहिणीला माहीत आहे. आईला 'थायरॉईडची गोळी' असं सांगितलंय. ती रोज रात्री नऊला आठवण करते, त्यामुळे नऊ वर्षांत माझा एकही खाडा नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्या तीन संशोधकांपैकी एकालाही कळलं नव्हतं.