सलग चार तास १२० ने पळवली, आता इंजिनाचं काय?

मागची_सीट:
गाडी जुनी घेतलेली, १.२ पेट्रोल, ९२ हजार किलोमीटर झालेली. गेल्या रविवारी हायवेला सलग चार तास १२० ने चालवली (तिथे तेवढी परवानगी होती). पाचव्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) ३,६००, लाल पट्टा ६,५०० ला सुरू होतो. टेम्परेचरचा काटा मधोमध, जरासुद्धा हलला नाही. पण शेजारी बाबा बसले होते. त्यांनी आयुष्यभर गाडी ७० ने चालवली आणि चारही तास एकच पालुपद: "इंजिन बसेल तुझं." घरी पोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहिला आणि काही न बोलता आत गेले.

खरंच वेगाने इंजिन झिजतं का? आणि परवापासून सकाळी गाडी सुरू केली की दोन सेकंद टकटक ऐकू येते. ती इंजिनात आहे की माझ्या डोक्यात, तेही कळेना.

रिंगपिस्टन:
तीस वर्षं इंजिनं उघडतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

इंजिनाला गाडीचा वेग माहीत नसतो. त्याला दोनच गोष्टी कळतात, आपण किती फिरतोय आणि किती ओझं ओढतोय. तुमच्या पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरून खालपर्यंतचा प्रवास, ८० मिलिमीटर धरा. ३,६०० ला पिस्टनची सरासरी चाल सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर होते. लाल पट्ट्यावर ती सतराच्या पुढे जाते. पिस्टन वर-खाली उलटताना रॉडवर जो ताण येतो तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६,५०० ला तुमच्यापेक्षा सव्वातीन पट. बनवणाऱ्याने ते सगळं धरून इंजिन बनवलेलं असतं. तुम्ही लाल पट्ट्याच्या आरपीएमच्या निम्म्यापेक्षा थोडे वर होतात, एवढंच.

ओझं मात्र वाढतं, हे बाबांचं खरं. ९० वरून १२० वर गेलात की हवा कापायला लागणारी ताकद दुपटीहून जास्त होते. ती पेट्रोलमधून येते, उष्णताही तेवढीच जास्त. ती बाहेर काढायचं काम रेडिएटरचं आणि ऑईलचं. रेडिएटर ठीक आहे हे काट्याने सांगितलं. ऑईलचं कोण सांगणार?

माझ्याकडे "बसलेली" इंजिनं येतात ती बहुतेक पळवल्यामुळे नाही. ऑईल कमी, कूलंट गळून गेलेलं, किंवा थंड इंजिन सुरू करताक्षणी रेमटवलेलं. एक ध्यानात ठेवा, काटा मधोमध आला म्हणजे पाणी तापलं. ऑईल त्याच्या मागून सावकाश तापतं, तोवर दाबू नका.

आणि जपून चालवणाऱ्यांचा एक लाडका गुन्हा आहे. पाचवा गिअर, वेग ४०, समोर चढ आणि पाय पूर्ण दाबलेला. गाडी थरथरते, नॉकिंग होतं (पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकतं), पण आरपीएम कमी म्हणून मालक खूश! बेअरिंगमधला ऑईलचा पापुद्रा कमी फेऱ्यांना पातळ असतो, वर सगळा भार. त्यापेक्षा तिसऱ्यात ३,००० ला इंजिन सुखात असतं.

आता प्रश्न. निघण्याआधी ऑईलची पट्टी बघितली होती का? ती टकटक तुमच्या डोक्यात नसावी.

काळा_धूर:
माझी डिझेल, तिचं उलटंच. वर्षभर गर्दीतच फिरली आणि डीपीएफचा, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरचा, दिवा लागला. फिल्टरमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, तेवढा तो दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तापत नाही. हायवेला अर्धा तास एका वेगात चालवली, दिवा गेला. टर्बो असेल तर मात्र जोरात पळवून आल्यावर लगेच चावी फिरवू नये, मिनिटभर तशीच चालू ठेवावी. ऑईलचा प्रवाह थांबला की तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑईल करपतं.

नुसता_वाचक:
आरपीएम हद्दीबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर असतोच की, मग भीती कशाची?

रिंगपिस्टन:
लिमिटर पेट्रोल तोडतो. पण १२० ला पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला फिरवतात. तिथे लिमिटर काय करणार? वाकलेले व्हॉल्व मी त्याच कारणाने पाहिलेत.

मागची_सीट:
नव्हती बघितली. आत्ता सपाट जागेवर, थंड इंजिनावर बघितली. पहिल्यांदा वाटलं पट्टी कोरडीच आहे. पुसून परत घातली, तर खालच्या खुणेच्याही खाली टोकाला जेमतेम ओल. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑईल थोडं थोडं करत घातलं, पाऊण लिटरहून जास्त बसलं तेव्हा वरच्या खुणेपाशी आलं. आज सकाळी टकटक नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग चार तास मी काय सांगत होतो?" मी वाद घातला नाही.

रिंगपिस्टन:
खाली गळती आहे का बघा, जमिनीवर पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. पुठ्ठा कोरडा निघाला तर इंजिन ऑईल पितंय. रिंगा किंवा व्हॉल्वचे सील, वयाप्रमाणे दोन्ही शक्य. लगेच उघडायची घाई नको. हजार किलोमीटर चालवा, पट्टी पुन्हा बघा आणि किती उतरलं ते इथे लिहा. तोवर उरलेलं ऑईल डिकीत असू द्या.