कागदात अडकलेलं घर विकताना: तुमचे अनुभव

गेल्या महिन्यात बाबांचा फ्लॅट अखेर विकला. गिऱ्हाईक तीन आठवड्यांत मिळालं होतं, कागद जुळायला चौदा महिने लागले. या काळात ज्याच्याशी बोललो त्याच्याकडे असला एखादा किस्सा होताच, म्हणून धागा काढतोय. फ्लॅट, वाड्यातला हिस्सा, गावठाणातलं घर, काहीही चालेल. विकायला काढल्यावर मालकीच्या कागदांत काय निघालं आणि तुम्ही काय केलंत ते लिहा. सल्ले नकोत, अंगावर आलेलं हवं.

माझं आधी. बाबांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं. ते गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढलं, मेंटेनन्सची बिलं माझ्या नावाने यायला लागली आणि पाच वर्षं मी स्वतःला मालक समजत राहिलो. खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने फाइल परत केली. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. आई आणि बहीण यांचं हक्कसोडपत्र, तेही नोंदणीकृत, कुठे आहे? आई घरातच होती. बहीण परदेशात. तिने वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरायचा असतो, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. पुन्हा पहिल्यापासून. बहीण एक आठवडा माझ्याशी बोलली नाही.

गच्चीवरची

आमचं गावठाणातलं घर. आजोबांनी स्वतः बांधलेलं, ते १९८७ साली गेले. वारस नोंद झाली ती फक्त बाबा आणि काकांची. तिघी आत्यांची नावं मिळकत पत्रिकेवर लागलीच नाहीत, आणि 'तेव्हा तसंच असायचं' यापलीकडे कोणाकडे उत्तर नव्हतं. खरं तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. खरेदीदाराच्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींचा शोध) काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यांना बहिणी नव्हत्या का?"

काकांना वाटत होतं, फोन केला की आत्या सही करतील. मोठ्या आत्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "विकायचं ठरवलंत तेव्हा आठवण नाही झाली?" यावर काय बोलणार! शेवटी बाबाच त्यांच्या घरी जाऊन दोन दिवस राहिले. दोघींनी हक्क सोडला, तिसरीने पैसे घेतले, आणि माझ्या मते तिचंच बरोबर होतं.

दुय्यम निबंधक कार्यालयात मोठ्या आत्यांचा अंगठाच उमटेना. जन्मभर भांडी घासून रेषा झिजलेल्या. ऑपरेटरने ओल्या रुमालाने बोट पुसलं, दाबून धरलं, मग दुसरं बोट, मग तिसरं. मागे रांग चुळबुळ करत होती. सातव्या-आठव्या खेपेला मशीनने घेतलं. कॅमेऱ्यासमोर फोटो झाल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "पदर नीट होता ना गं?"

बोजेवाला

थोडक्यात लिहितो. सातबाऱ्यावर इतर हक्कात वडिलांच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज १९९८ मध्येच फिटलेलं. पण बोजा कमी करायला बँकेचा दाखला लागतो आणि ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. जुनी खाती गोडाऊनमध्ये. पाच महिने. वडिलांनी शेवटच्या हप्त्याची पावती पंचांगात ठेवली होती, ती सापडली नसती तर अजून तिथेच चकरा मारत असतो. दाखला दिल्यावर तलाठ्याकडे फेरफार मात्र पटकन झाला.

शंभराचा स्टॅम्प

१९९४ साली आईने मूळ मालकाकडून रो हाऊस घेतलं. करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी नाही. तेव्हा आजूबाजूला सगळे असंच करायचे. लाइट बिल, घरपट्टी आईच्या नावावर, म्हणून कोणाला शंका आली नाही. विकायला काढलं तेव्हा इसार घेऊन बसलो होतो, तो परत द्यावा लागला. गिऱ्हाईक सज्जन म्हणून दुप्पट मागितला नाही.

मुद्रांकाचं काम २०२३च्या डिसेंबरात आलेल्या अभय योजनेत झालं. १९८० ते २०२० मधल्या दस्तांच्या कमी पडलेल्या मुद्रांकासाठी ती होती. पण मुद्रांक भरला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवायचा असतो, दंड भरून आणखी चार. तीस वर्षांनी कोण घेणार? उपाय म्हणजे जुना करार जोडून नवं कन्फर्मेशन डीड (जुना व्यवहार मान्य असल्याचा दस्त) करायचं, आणि त्यावर मूळ विकणाऱ्याची सही लागते. ते गृहस्थ हयात होते हे आमचं नशीब. त्यांचा मुलगा आधी "आमचं काय?" म्हणून बसला. वडिलांनीच त्याला गप्प केलं, "पैसे मी घेतलेत त्यांचे." मुकाट्याने येऊन सही करून गेले, रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत.

तळमजला

आमचा प्रश्न सुटला नाही, तरी फ्लॅट विकला. इमारतीखालची जमीन अजून मूळ जमीनमालकाच्याच नावावर आहे, कन्व्हेयन्स, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्यात २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे मालकाने करून दिलं नाही तरी कन्व्हेयन्स मिळवण्याची सोय आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. पण आमची सोसायटी मंजूर नकाशा शोधतेय ती शोधतेच आहे. एजंट म्हणाला, विचारलं तरच सांगा. मी पहिल्याच भेटीत सांगितलं. दोन गिऱ्हाइकं गेली, तिसऱ्याने भाव पाडला आणि घेतला. एजंट अजून माझ्यावर चिडून आहे.

नवीन सभासद

वाचून घाम फुटला. आमचं घर अजून पणजोबांच्या नावावर आहे. वारस मोजायला बसलो, एकतीसवर थांबलो, कारण एक चुलत काका १९७०च्या सुमारास घर सोडून गेले ते कुणालाच सापडलेले नाहीत. बेपत्ता वारस असताना कोणी घर विकलंय का? कोर्टात जावं लागलं का? प्लीज सविस्तर लिहा.